रविवारची प्रार्थना, सोमवारचं ऑफिस

देव, धर्म, श्रद्धा या गोष्टी वीकेंडपुरत्या बाजूला ठेवून आपण सोमवारी सकाळी कामाला लागतो. चांदूर रेल्वेच्या एका घरात मात्र मला उलटाच हिशेब बघायला मिळाला. आधी माणसाशी मिटवा, मग देवाकडे जा!

'चांदूरला चाललेय' असं सांगितलं की पुण्या-मुंबईचा माणूस नुसती मान डोलावतो. अमरावतीचा माणूस मात्र लगेच विचारतो, "कोणतं चांदूर? बाजार की रेल्वे?" एकाच जिल्ह्यात दोन चांदूर! एकाला बाजारानं ओळख दिली, दुसऱ्याला रेल्वेनं. मुंबईहून निघालेला लोहमार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला आणि वाटेतल्या या गावाच्या नावाला 'रेल्वे' कायमची चिकटली. आजूबाजूला कपाशी, तूर, सोयाबीन. अमरावती साधारण तीस किलोमीटरवर. मॉल, मल्टिप्लेक्स, कॉफी शॉप... विसरा!

मग मी तिथं कशाला गेले? सुट्टीला. माझी फ्लॅटमेट चांदूरची. पुण्यात एका खासगी बँकेत नोकरी करते. (नाव छापायचं नाही, ही तिची अट.) तिच्या घरी नाताळ, आमच्या घरी गणपती. त्यामुळे आमचा करार एकदम सोपा आहे. ती आमच्याकडे उकडीचे मोदक खायला येते, मी तिच्याकडे करंज्या खायला जाते.

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात नाताळ म्हणजे फिल्मी मामला होता. केक, कॅरल, लाल टोपी, इंग्रजी गाणी. चांदूरला दिसलं ते वेगळंच. फराळाच्या ताटात चिवडा आणि करंजी. प्रार्थनेला पेटी आणि तबला. डोक्यावर पदर घेतलेल्या मावश्या टाळ्या वाजवत अस्सल मराठी भजनं म्हणतायत. शेजारच्या घरातून आलेली शेगावची कचोरी सगळे मिळून संपवतायत. मी मैत्रिणीला म्हटलं, "हे तर आमच्यासारखंच आहे!" ती हसून म्हणाली, "मग तुला काय वाटलं, आम्ही पोर्तुगालहून आलो?"

बरोबर होतं तिचं. 'मराठी ख्रिश्चन' म्हटलं की आपल्यापैकी बरेच जण अजूनही दचकतात. पण फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओव्यांमध्ये 'ख्रिस्तपुराण' लिहिलं ते १६१६ मध्ये छापलं गेलं. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये सुरू झालं. पंडिता रमाबाईंनी केलेला बायबलचा मराठी अनुवाद १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, प्रसिद्ध झाला. आणि अगदी अलीकडे, २०२० मध्ये, वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. वऱ्हाडातही अकोला, अमरावती, खामगाव या पट्ट्यात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतून आलेल्या अलायन्स मिशनचं काम सुरू झालं. म्हणजे इथली ख्रिस्ती घरं चांगली चार-पाच पिढ्यांची, कपाशीच्या मातीतली.

पण हा लेख इतिहासाचा नाही. तो आहे एका सायकलबद्दल.

काका निघाले हिशेबाला

शनिवारची संध्याकाळ. आम्ही ओट्यावर शेंगा फोडत बसलेलो. मैत्रिणीचे बाबा, आम्ही त्यांना काका म्हणतो, रेल्वेतून रिटायर झालेले. आयुष्य रुळांवर गेलं. वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी सायकल काढली, मफलर गुंडाळला.

"काका, थंडीत कुठं निघालात?"

"उद्या प्रभुभोजन हाय ना बाई. हिशेब करून येतो."

मला वाटलं, वर्गणीचा हिशेब असेल. मैत्रीण म्हणाली, "नाही गं, माणसांचा." प्रभुभोजन म्हणजे उपासनेतला तो विधी, ज्यात भाकर आणि द्राक्षरस वाटून घेतात, येशूनं शिष्यांबरोबर घेतलेल्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून. त्याआधी प्रत्येकानं स्वतःला तपासून पाहायचं असतं. बहुतेक जण ते जागेवर बसून, डोळे मिटून करतात. काका सायकलवरून करतात!

त्या वेळचं प्रकरण होतं सांडपाण्याचं. मागच्या गल्लीतल्या एका शेजाऱ्याशी नालीवरून खटका उडाला होता. शेजारी ख्रिस्ती नाही, त्याला प्रभुभोजनाशी देणंघेणं नाही. पण काका त्याला चारचौघांत काहीतरी लागट बोलले होते. तासाभरानं परत आले. मी उत्सुकतेनं विचारलं, "मिटलं का?"

"तो नाई बोलला. मी बोललो."

"मग?"

"मंग काय? मले जे सांगायचं होतं ते सांगितलं. त्याचं तो पाहील."

आणि शांतपणे शेंगा खायला बसले. मी मात्र अस्वस्थ झाले. का, ते शेवटी सांगते.

बारीक अक्षरातली अट

रात्री मैत्रिणीनं मला या सायकलमागचा 'फंडा' समजावला. बायबलमध्ये मत्तयच्या शुभवर्तमानात येशूचं एक मोठं प्रवचन आहे, डोंगरावरचं प्रवचन म्हणून ते ओळखलं जातं. त्यात तो सांगतो ते साधारण असं. तुम्ही देवासाठी काही अर्पण घेऊन वेदीपाशी गेलात आणि तिथं आठवलं की आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथंच ठेवा. आधी जाऊन त्याच्याशी समेट करा. मग या आणि अर्पण द्या.

ऐकायला सोपं. पण त्यातली बारीक अक्षरातली अट वाचा. तुम्हाला कोणाचा राग आलाय, असं नाही म्हटलेलं. कोणाला तुमचा राग आलाय, ते आठवा असं म्हटलंय!

इथं खरा ट्विस्ट आहे. आपल्या पिढीनं 'पर्सनल ग्रोथ'ची पुस्तकं रगडून वाचली. वर्कशॉप केली, डायऱ्या भरल्या, मेडिटेशनची अॅप डाऊनलोड केली. या सगळ्यात प्रश्न असतो तो माझ्या जखमेचा. मला कोणी दुखावलं? मी ते कसं सोडून देऊ? माझी एनर्जी कोण खातंय? हे प्रश्न खोटे नाहीत, गरजेचेच आहेत. पण त्या डोंगरावरच्या प्रवचनातला प्रश्न दुसऱ्या टोकाकडून येतो. मी कोणाला दुखावलंय? आणि तो माणूस आत्ता कुठं आहे?

आणखी एक गंमत. हे प्रवचन झालं गालील प्रांतात. अर्पणाची वेदी होती यरुशलेमच्या मंदिरात. मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या वर, म्हणजे तीन-चार दिवसांची पायपीट. ऐकणाऱ्या गालीलकराला अर्थ नेमका कळला असणार : एवढ्या लांब आलात, रांगेत नंबर लागला, तरी परत जा! घरच्या माणसाशी मिटवून पुन्हा या. काकांची सायकल त्या मानानं सोपी.

दुसरी गोष्ट जक्कयची. यरीहोचा हा मुख्य जकातदार. पैसेवाला, पण लोकांच्या मनातून उतरलेला. येशू गावात येतोय म्हटल्यावर बुटका जक्कय गर्दीत दिसेना म्हणून उंबराच्या झाडावर चढला. येशू त्याच्या घरी जेवायला जातो, एवढंच. कसलंही लेक्चर नाही. आणि जक्कय उठून जाहीर करतो की अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत. नुसतं 'सॉरी' नाही. रक्कम! बदल झाला की नाही हे तपासायला याहून सोपी टेस्ट कुठली असणार?

स्वयंपाकघरात झालेली क्रांती

श्रद्धा रोजच्या जगण्यात उतरते म्हणजे काय, याचं मराठीतलं सगळ्यात जिवंत उदाहरण द्यायचं तर लक्ष्मीबाई टिळकांचं. शाळेच्या पुस्तकात त्यांचा धडा असायचा, आठवतंय? 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालं. आजही कोणत्याही पानापासून उघडा, हसू येतं.

त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी त्यांच्या गप्पा झाल्या. उतरताना त्यानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. १० फेब्रुवारी १८९५ ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळात एका ब्राह्मण घरात याचा अर्थ काय होता, ते सांगायला नको. लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळलं. नवरा जिवंत, पण संसार मोडलेला. पदरात लहान मुलगा. काही वर्षं दोघं वेगळी राहिली.

पुढे दोघं पुन्हा एकत्र आली, तेव्हाच्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला. पण लक्ष्मीबाई ख्रिस्ती होऊन नाही आल्या. त्या आपला सोवळा स्वयंपाक, आपलं पाणी घेऊन आल्या. एका छपराखाली दोन धर्म. इथं टिळकांची परीक्षा होती. तापट माणूस, स्वतःच्या श्रद्धेनं झपाटलेला.  पण तिच्या चुलीवर त्यांनी हक्क सांगितला नाही. ज्या माणसाला आपण दुखावलं, त्याला त्याच्या वेगानं यायला वेळ देणं, हाही समेटच.

आणि लक्ष्मीबाई बदलल्या त्या पुस्तक वाचून नाहीत. एके दिवशी विचार करता करता त्यांनी ठरवून टाकलं की या जाती देवानं केलेल्या नाहीत, माणसानं केल्यात. आणि मग जे डोक्यात आलं ते लगेच तोंडात घातलं, अगदी शब्दशः! कोणाच्याही हातचं खायचं, प्यायचं. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण खरा बदल त्याआधी, पाण्याच्या पेल्याशी झाला होता. समोरच्या माणसाच्या हातचं पाणी नाकारणं म्हणजे त्याला रोज दुखावणं, हे त्यांना कळलं आणि त्यांनी ते थांबवलं.

टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' ही चळवळ काढली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. नागपूरच्या गाडीतून निघालेला हा माणूस शेवटी आला तो सगळ्यांना एका पंगतीत बसवायच्या कल्पनेपाशी.

"फायद्यासाठी केलं असतं, तर ते पण टार्गेटच"

हे झालं शंभर वर्षांपूर्वीचं. आजच्या एसी ऑफिसात याचं काय करायचं?

मैत्रिणीनं मला तिची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वीची. महिनाअखेर, टार्गेटचं टेन्शन, रात्रीचे नऊ. एका कर्जाच्या फाईलमध्ये तिनं आकडा चुकीचा टाकला. ग्राहकाचं काम अडकलं, वरून विचारणा झाली आणि दोष गेला डेटा एन्ट्री करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टवरच्या पोराकडे. त्याचा त्या महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला. तो काही बोलला नाही. कॉन्ट्रॅक्टवरचा माणूस कुठं बोलतो?

"नऊ दिवस मी गप्प बसले," ती म्हणाली. "रविवारी चर्चला गेले. प्रार्थना पण केली, देवा मला माफ कर म्हणून. मग एकदम बाबांची सायकल आठवली. म्हटलं, माझा हिशेब देवाशी नाहीच आहे. तो पोरगा दुसऱ्या मजल्यावर बसतो!"

सोमवारी ती मॅनेजरच्या केबिनमध्ये गेली. चूक माझी, असं सांगितलं. मेलवर लिहून दिलं. पोराचे पैसे परत मिळाले. तिला मेमो मिळाला आणि अप्रेझलमध्ये रेटिंग एक पायरी खाली आलं. आणि तो पोरगा? त्यानं थँक यू म्हटलं, पण तिच्यासोबत चहाला येणं बंद केलं ते केलंच.

मी वैतागून म्हटलं, "मग काय फायदा झाला तुझा?"

"फायद्यासाठी केलं असतं, तर ते पण टार्गेटच झालं असतं ना!"

या एका वाक्यासाठी मी चांदूरला जाऊन आले, असं म्हटलं तरी चालेल. श्रद्धा 'वापरली' की यश मिळतं, असं सांगणारे गुरू सगळ्याच धर्मांत ढिगानं आहेत. प्रार्थना करा, प्रमोशन मिळवा! मैत्रिणीच्या हिशेबात प्रमोशन नाही. उलट थोडा तोटाच आहे. आणि तरीही तो हिशेब बरोबर आहे, हे तिला माहीत आहे.

दवाखाना, विहीर आणि झाडू

ज्यांना हा विचार वैयक्तिक 'सॉरी'पुरता वाटतो, त्यांच्यासाठी थोडं मोठं चित्र. वऱ्हाडात फिरताना जुने मिशन दवाखाने भेटतात. परतवाड्याजवळ कोठारा इथं कुष्ठरुग्णांसाठी सुरू झालेलं काम आज लेप्रसी मिशनचा दवाखाना म्हणून उभं आहे. वाशीमला डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टरबाईंनी १९३८ मध्ये रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल सुरू केलं. कुष्ठरोग म्हटला की गावाबाहेर काढायचं, हा आपला सामाजिक रिवाज होता. ज्याला समाजानं हाकललं त्याच्या जखमेला हात लावणं, हाही एक प्रकारे समाजाच्या वतीनं केलेला समेटच.

महाराष्ट्रात काम केलेलं जोडपं हवंय? डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले, पुढे अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. कुठंही गलेलठ्ठ प्रॅक्टिस चालली असती. १९७० मध्ये ते गेले नगर जिल्ह्यातल्या जामखेडला, दुष्काळी भागात. गावातल्या बायकांना, त्यातल्या कित्येक दलित आणि निरक्षर, त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून शिकवलं. जिला गावानं दारात उभं केलं नाही, तीच बाळंतपणाला घरात येऊ लागली! पाण्याच्या जागा निवडताना दलित वस्तीचा विचार आधी झाला, म्हणजे बाकी गावालाही पाण्यासाठी तिकडे यावं लागेल. भाषण न देता जातीची भिंत खाली. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल १९९९ मध्ये गेल्या, रजनीकांत २०११ मध्ये. जामखेडचं काम मात्र सुरू राहिलं.

आणि हे फक्त ख्रिस्ती लोकांचं लायसन्स नाही हं! वऱ्हाडी माणसाला तर हे वेगळं सांगायलाच नको. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा काय करायचे? गावात आले की आधी हातात झाडू. दिवसा गाव साफ, रात्री कीर्तन. क्रम लक्षात घ्या. आधी झाडू, मग देवाचं नाव. चांदूरच्या काकांना मी हे म्हटलं तर ते म्हणाले, "मंग! गाडगेबाबा आपलेच होते ना." या 'आपलेच'मध्ये कोणता धर्म होता, ते मी विचारलं नाही.

थांबा, हे शस्त्र नाही

इथं एक खबरदारी. समेट, क्षमा हे शब्द फार गोड आहेत आणि म्हणूनच धोकादायक. मार खाणाऱ्या बायकोला 'क्षमा कर' म्हणून परत पाठवणारे नातेवाईक आपण पाहिलेत. ऑफिसात त्रास देणाऱ्या बॉसविरुद्ध तक्रार करणाऱ्या मुलीला 'जाऊ दे ना' म्हणणारे सहकारीही. तो समेट नाही, ते दुसऱ्याच्या तोंडावर हात ठेवणं आहे.

ग्लॅडिस स्टेन्स आठवतात? २२ जानेवारी १९९९ च्या रात्री ओडिशातल्या मनोहरपूर गावात त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप, टिमथी ही दोन लहान मुलं झोपलेल्या गाडीला जमावानं आग लावली. तिघंही गेले. ग्रॅहम बारिपाड्यात कुष्ठरुग्णांसाठी काम करायचे. ग्लॅडिस यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचं जाहीर केलं आणि ते काम पुढे चालू ठेवलं. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण म्हणून खटला थांबला नाही. कोर्टानं आपलं काम केलं, दोषींना शिक्षा झाली. क्षमा त्यांची स्वतःची होती, न्याय सगळ्यांचा. दोन्ही एकत्र राहू शकतात.

आणि म्हणूनच डोंगरावरच्या प्रवचनातली ती बारीक अट मला महत्त्वाची वाटते. जखमी माणसाला तिथं 'जा, मिटव' असं सांगितलेलं नाही. ज्यानं जखम केली, चालत जायचंय त्यानं.

सोमवारसाठी चार गोष्टी

मैत्रिणीकडून आणि काकांकडून जमवलेल्या. धर्म कोणताही असो, चालतील!

१. नाव काढा. 'मी कधीकधी लोकांना दुखावतो' हे कबुली देणं नाही. कोणाला? कधी? एक नाव, एक तारीख.

२. ज्याचं त्याला सांगा. फेसबुकवर सर्वांची माफी मागू नका. काका नालीवरच्या भांडणासाठी सगळ्या गल्लीला नाही, एका घरी गेले.

३. परत काय द्यायचंय ते पाहा. पैसे, श्रेय, एक मेल, चारचौघांत केलेल्या अपमानाची चारचौघांतच कबुली. जक्कयची टेस्ट.

४. उत्तराची सक्ती नको. समोरच्यानं माफ करावंच, असा हट्ट धरलात तर तुम्ही पुन्हा त्याच्याकडून काहीतरी मागताय.

आणि माझा हिशेब

आता ती अस्वस्थता. काही वर्षांपूर्वी मी एक लेख केला होता. विदर्भातून पुण्यात येऊन कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांबद्दल. अर्ध्याहून जास्त मुलाखती माझ्यासोबत इंटर्न म्हणून काम करणाऱ्या एका अकोल्याच्या पोरानं घेतल्या होत्या. तो स्वतः तसाच राहायचा, म्हणून मुलं त्याच्याशी मोकळी बोलली. लेख छापून आला, खूप गाजला. नाव फक्त माझं. संपादकांची काही चूक नव्हती. मी त्याचं नाव पाठवलंच नव्हतं. डेडलाईनच्या गडबडीत राहून गेलं, असं मी स्वतःला सांगितलं. त्यानं मेसेज केला होता, 'छान झालाय लेख ताई.' त्यानंतर आमचं बोलणं नाही.

चांदूरहून परतताना बडनेरा गेल्यावर मी त्याला फोन लावला. नंबर तोच होता. इकडचं तिकडचं न बोलता सांगितलं. तो जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "ताई, मी तो अंक घरी नेला होता. आईले दाखवाले. ती म्हणे, याच्यात तुझं नाव कुठी हाय?"

यावर काय बोलणार? गाडीचा आवाज ऐकत बसले.

त्या रात्री मी त्या मासिकाच्या संपादकांना मेल केला. कोणत्या मुलाखती कोणी घेतल्या होत्या, सविस्तर. त्यांचं उत्तर अजून यायचंय. मिळालेल्या मानधनातला निम्मा वाटा त्याला पाठवला. जक्कयसारखं चौपट काही जमलं नाही, फ्रीलान्सरची ऐपत तुम्हाला माहीत आहे! त्यानं पैसे घेतले. 'माफ केलं' असं काही तो म्हणाला नाही, आणि मी विचारलंही नाही.

मैत्रिणीनं ही बातमी घरी कळवली. दुसऱ्या दिवशी काकांचा फोन. वाटलं, शाबासकी देतील. ते म्हणाले, "त्या पोराच्या आईशी बोललीस का?"

नाही बोलले. अजून अकोल्याला जायचंय.